एका भांडणाचे दोन नंबर

आमच्या तालुका कोर्टाचा रोजचा बोर्ड नीट वाचला तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. दिवाणी दाव्यांच्या यादीतली आणि फौजदारी खटल्यांच्या यादीतली आडनावं बरीचशी तीच असतात. इकडचा वादी तिकडे आरोपी, इकडचा प्रतिवादी तिकडे फिर्यादी. गाव तेच, गट नंबर तोच. बांध कोरल्याचा दावा एका यादीत आणि त्याच बांधावर झालेल्या मारामारीचा खटला दुसऱ्या यादीत. भांडण एक, नंबर दोन.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, पाऊस जेमतेम पडतो त्या भागात मी वकिली करते. मोठ्या शहरात दिवाणीचा वकील वेगळा, फौजदारीचा वेगळा. त्यातही कुणी फक्त चेकच्या केसेस बघतो, कुणी फक्त घटस्फोट. तालुक्याला अशी वाटणी होत नाही. लोकांना वाटतं, कामं थोडी म्हणून वकील मिळेल ते घेतो. माझं मत वेगळं आहे. गावाकडचं भांडण समजून घ्यायचं तर दोन्ही फायली एकाच टेबलावर उघडाव्या लागतात. न्यायाधीशही इथं एकच असतात. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. रिमांडला आणलेल्या आरोपीला पोलिस कोठडी द्यायची की न्यायालयीन, हे सकाळी ठरवतात आणि दुपारी विहिरीच्या पाळीवरचा मनाई अर्ज ऐकतात.

पुढं ज्या हकिगती सांगणार आहे त्यांतली नाती आणि तपशील मी बदलले आहेत. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं वकिलानं बाहेर फोडायचं नाही, हे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे आणि काम संपलं तरी ते सुटत नाही.

फौजदारी काम बहुतेक वेळा रात्रीच्या फोननं सुरू होतं. 'वकीलबाई, आमच्या मालकास्नी पोलिसांनी न्हेलंय.' माझा पहिला प्रश्न 'काय केलं' हा नसतो, 'किती वाजता नेलं' हा असतो. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये लिहिलंय. म्हणून वेळ लिहून ठेवा, हे मी त्या बाईला फोनवरच सांगते. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली तरी चालेल. पुढं महिनाभरानं 'संध्याकाळच्या टायमाला' एवढंच आठवतं, आणि तेवढ्यानं कोर्टात काही सिद्ध होत नाही.

अटक का केली, हे त्या माणसाला सांगावं लागतं. घरच्यांना कळवावं लागतं. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये आणखी एक पाऊल पुढं टाकलं: अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. ज्याला मराठी सोडून दुसरं काही वाचता येत नाही, अशा माणसासाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये अर्नेशकुमार खटल्यात बजावलं. ही नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली येते. गावात ती आली की घाबरगुंडी उडते. पोरगा मामाच्या गावाला पाठवून दिला जातो, फोन बंद केला जातो. याचा परिणाम उलटा होतो. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावं लागतं. न राहणाऱ्याच्या बाबतीत ते कारण त्यानंच पुरवलेलं असतं. नोटीस घेऊन वकिलाकडे या, वकील परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती, यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे, आणि 15100 हा या मदतीसाठीचा दूरध्वनी क्रमांक.

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं: आरोपीनं सांगितल्यावर एखादी वस्तू खरोखर सापडली, तर सांगण्यातला त्या वस्तूपुरता भाग चालतो. म्हणून चोरीच्या, मारामारीच्या प्रत्येक खटल्यात 'आरोपीनं काढून दिलेला' कोयता किंवा मोटार असते, आणि ते पाहणारे दोन पंच असतात. खटल्याचं अर्धं वजन या दोन माणसांवर असतं. एका खटल्यात मी पंचाचा उलटतपास घेत होते. कालव्यालगतच्या झुडपातून मोटार काढून दिली, असं पंचनाम्यात होतं.

'कालव्याकडे जायला तुम्ही कुठल्या गाडीत बसलात?'

'गाडीत न्हाय. चालत.'

'स्टेशनपासून तो कालवा किती लांब आहे?'

तो गप्प झाला. अंतर आठ-नऊ किलोमीटर. पंचनामा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कागदावर सव्वा तास. मी पुढं काही विचारलं नाही. उलटतपासात कुठं थांबायचं हे कळणं मोठं कसब आहे. आणखी एक प्रश्न विचारला असता तर त्याला 'मोटारसायकलवर बसवलं होतं' हे आठवलं असतं. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. यानं पंचांवरचा भार कमी होईल आणि खोटी जप्ती दाखवणं अवघड होईल. मी त्याचं मनापासून स्वागत करते, जरी त्यातून खरी जप्ती पक्की होऊन माझ्या काही पक्षकारांना शिक्षाही लागेल.

जामिनाचा हुकूम झाला म्हणजे माणूस सुटला, असं नसतं. हुकूम झाल्यावर जामीनदार लागतो. जामीनदाराचा सात-बारा, तलाठ्याकडचा कागद, आधार, कधी ऐपतीचा दाखला. ज्याच्या भावकीत जमीन आहे त्याला संध्याकाळपर्यंत माणूस मिळतो. पण आमच्या भागातल्या पारधी वस्तीवरच्या पोराला कोण जामीन राहणार? 1871 च्या कायद्यानं त्या समाजावर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र अजून पुसला गेलेला नाही. तालुक्यात कुठं घरफोडी झाली की पहिली धाड वस्तीवर. असे पोरगे मी पाहिले आहेत, ज्यांना जामीन मंजूर झालेला आहे आणि तरी ते कारागृहात आहेत, कारण सही करायला सात-बारावाला माणूस नाही.

याच दुखण्यावर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोतीराम नावाच्या गवंड्याची केस आली होती. मध्य प्रदेशातली. दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा भाऊ जामीनदार म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो हुकूम फिरवला. गरिबाच्या ऐपतीबाहेरचा जामीन म्हणजे जामीन नाकारण्यासारखंच आहे, हा त्या निकालाचा आशय. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्देश दिले, की हुकूम होऊन महिनाभरात जामीनपत्र भरता आलं नाही तर न्यायालयानं स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. मी असा अर्ज करताना हे दोन्ही निकाल जोडते. एवढा जुना निकाल आजही जोडावा लागतो, याचा मला राग येतो.

'तुम्ही चोराची बाजू का घेता?' हा प्रश्न मला लग्नकार्यात, एस.टी.त, अगदी हळदी-कुंकवालाही विचारला गेला आहे. विचारणाऱ्या बहुतेकांच्या घरात कुणाला ना कुणाला कधी तरी वकील लागलेला असतो. आरोप झाला आणि गुन्हा शाबीत झाला, या दोन्हींच्या मधली जी जागा आहे तिथं मी उभी असते. सरकारकडे पोलिस आहेत, सरकारी वकील आहेत, प्रयोगशाळा आहे. समोर एक माणूस आहे, ज्याला आपल्यावरचं दोषारोपपत्र वाचून समजत नाही. त्याच्या बाजूनं पुरावा तपासायला कुणी नसेल तर न्यायाधीशांपुढे एकच बाजू येते, आणि मग निकाल बरोबर आला तरी तो योगायोगानं आलेला असतो. ज्या खटल्यात माझा पक्षकार सुटला आणि मारलेल्या माणसाची आई व्हरांड्यात माझ्याकडे बघत उभी राहिली, तोही दिवस मला आठवतो. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तपास नीट झाला असता तर निकाल वेगळा लागला असता, हे खरं होतं. पण ते आरोपीच्या वकिलानं तिला सांगायचं नसतं.

आता दिवाणी. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत निम्म्याहून जास्त बहिणी असतात, भावाविरुद्ध आलेल्या. सुरुवातीला त्या भावाविरुद्ध बोलतच नाहीत. 'दादा चांगलाय, वहिनीनं केलं,' इथून सुरू होतं. बाप वारल्यावर वारसनोंद होते, सात-बारावर बहिणींची नावं लागतात. मग एक दिवस भाऊ गाडी घेऊन येतो. 'सोसायटीच्या कर्जाला सगळ्यांच्या सह्या लागत्यात.' दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठे होतात, परतताना साडी-चोळी मिळते. कर्ज कुठलं, ते हक्कसोडपत्र असतं. बहिणीला कळतं ते दोन-चार वर्षांनी, भावानं जमीन विकायला काढल्यावर.

मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सेदार असते, ही दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लागू झाली. महाराष्ट्रानं त्याआधीच, 1994 मध्ये, मुलींना हा हक्क दिला होता. पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 2005 च्या कायद्यावरही वाद चालला, की बाप त्या तारखेला हयात असायला हवा का. विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला: बाप हयात असण्याची गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा हुकूमनाम्यानं झालेलं वाटप उकरता येत नाही. आणि फसवून घेतलेला दस्त रद्द करायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. बहिणींचं नुकसान होतं ते इथं. 'दादा देईल' म्हणून वाट बघण्यात ती तीन वर्षं जातात. मी प्रत्येकीला एकच सांगते. माहेराशी संबंध ठेवा, राखी बांधा, पण फेरफाराची नक्कल काढून ठेवा. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला 15 दिवस असतात, तेवढ्यात तलाठ्याकडे लेखी द्या. आणि कार्यालयात सही करायच्या आधी दस्ताचं पहिलं पान कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. पहिल्याच पानावर 'हक्कसोडपत्र' असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं.

वाटपाचा दावा जिंकल्यावर पेढे घेऊन येणाऱ्या पक्षकाराला खाली बसवून पुढचं सांगणं, हे या धंद्यातलं नकोसं काम आहे. कोर्ट हिस्सा ठरवतं. शेतात उभं राहून जमीन वाटून देत नाही. ज्यावर सारा भरला जातो अशा शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. म्हणजे हुकूमनामा तिकडे जातो, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेख, मग मोजणी, मग सरस-निरस मानानं तक्ते, त्यावर हरकती. पाण्याजवळची जमीन कुणाला आणि माळ कुणाला, यावर खरं भांडण तेव्हा सुरू होतं. या टप्प्यावर दोन-तीन पावसाळे सहज निघून जातात.

तारखा का पडतात, हे सगळे विचारतात. वकील तारखा घेतात, हे खोटं नाही. दिवाणी संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत असं लिहिलेलं असलं, तरी ते पाळलं जात नाही. पण आमच्याकडच्या दाव्यांना खरा विलंब होतो तो माणसं मरण पावल्यानं. पंधरा प्रतिवादी असलेल्या वाटपाच्या दाव्यात दर वर्षी कुणीतरी जातं. त्याचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणले नाहीत तर त्याच्यापुरता दावा संपतो, आणि मग उशीर माफीचे अर्ज सुरू होतात. एक वारस पुण्यात, एक सुरतेला, एकीचा पत्ता कुणालाच माहीत नाही. बेलीफ समन्स घेऊन जातो आणि 'सदर इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून परत येतो. पक्षकारांना माझी विनंती असते: घरात कुणी गेलं तर दहाव्याला-तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांचे पूर्ण पत्ते तिथंच लिहून घ्या. ऐकायला कठोर वाटतं, पण त्यानं वर्ष वाचतं.

चेकच्या केसेस भरपूर असतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. पतसंस्थेला किंवा हातउसने देणाऱ्याला कोरा चेक सही करून दिलेला असतो. चेक न वटल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे, नाहीतर पुढच्या महिनाभरात फिर्याद, असा तो हिशोब. पोस्टमनला 'घरी नाही' म्हणून सांगा, अशी युक्ती गावोगाव चालते. तिचा उपयोग नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलेली नोटीस नाकारली तरी ती मिळाली असंच धरतात, आणि उत्तर द्यायची संधी मात्र जाते.

फीबद्दल लोक संकोचानं विचारतात, म्हणून सांगते. टप्प्याटप्प्यानं घेतली जाते. आमच्याकडे कांद्याची पट्टी आल्यावर किंवा उसाचं बिल निघाल्यावर. काही जण म्हणतात, 'बाई, दावा जिंकलो की त्यातला अर्धा एकर तुमचा.' हे घेता येत नाही. निकालावर अवलंबून असलेली किंवा वादातल्या मालमत्तेत हिस्सा मागणारी फी बार कौन्सिलच्या नियमांनी मना केली आहे. वकिलाला जाहिरातही करता येत नाही, दारावर साधी पाटी लावता येते. कुणी निकालाची हमी देत असेल, 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत' म्हणत असेल, तर तिथून उठून या.

आता ज्या कारणासाठी दोन्ही फायली एकत्र वाचाव्यात असं मी म्हणते, ते एका हकिगतीतून दाखवते. दोन चुलतभाऊ, शेजारी-शेजारी गट, मधल्या बांधालगत चार-पाच सऱ्यांची पट्टी. एकानं मनाईचा दावा लावला: पट्टी माझ्या वहिवाटीत आहे, प्रतिवादी अडथळा करतो. प्रतिवादी माझा पक्षकार. दाव्याच्या थोडं आधी त्या पट्टीत मारामारी होऊन वादीच्या हाताचं हाड मोडलं होतं, लोखंडी गजानं मारलं अशी फिर्याद होती आणि माझ्या पक्षकारावर जुन्या दंडविधानाचं कलम 326 लागलं होतं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. त्याआधीच्या घटनांना जुनंच कलम लागतं, म्हणून अजून दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवावी लागतात.

मनाईच्या दाव्यात मालकीपेक्षाही ताबा कुणाचा, याला महत्त्व असतं. फौजदारीच्या कागदांत फिर्यादीचा जबाब होता. पहिल्याच परिच्छेदात ओळ होती: मी पट्टीकडे गेलो असता आरोपी हा त्याने पेरलेल्या ज्वारीत कोळपणी करत होता, मी त्यास मना केले. 'त्याने पेरलेल्या'. मारहाणीचा गुन्हा नोंदवताना ताब्याचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. फिर्यादीनं जसं पाहिलं तसं सांगितलं आणि ठाणे अंमलदारानं तसं लिहून घेतलं. मी त्या फिर्यादीची सहीशिक्क्याची नक्कल काढून दिवाणी दाव्यात हजर केली. उलटतपासात वादीला ती दाखवली.

'यावरची सही तुमची?'

'माझी.'

'मजकूर वाचून दाखवल्यावर सही केलीत?'

'व्हय.'

'पट्टीतली ज्वारी कुणी पेरली होती, ते यात तुम्हीच सांगितलंय ना?'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग न्यायाधीशांकडे पाहून म्हणाले, 'पेरली त्यानं, पण पट्टी माझीच हाय.' त्या एका वाक्यात मनाईचा दावा संपला, कारण मनाईला लागणारा ताबा त्यांनीच समोरच्याला दिला होता. फिर्यादीच्या वकिलानं आणि दाव्याच्या वकिलानं एकमेकांच्या फायली उघडल्या असत्या, तर दावा मनाईचा न होता मोजणी आणि ताब्याचा झाला असता. कायद्याच्या दृष्टीनं तो कितीतरी भक्कम होता.

त्याच दिवशी मी माझ्या पक्षकारालाही बसवलं. ताबा तुमचा ठरला म्हणजे गज उगारायचा परवाना मिळाला असं नाही. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसतंय, शेजारचा साक्षीदार ठाम आहे, आणि 326 ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दिवाणीत जिंकून फौजदारीत आत जाण्यात काय मिळवलं? समोरच्यालाही हेच उलट बाजूनं दिसत होतं. गावातल्या दोन-तीन जाणत्यांनी मध्ये पडून दोघांना एकत्र आणलं.

तडजोडीत एक अडचण होती. दिवाणी दावा लोकअदालतीत मिटवता येतो, त्याचा निवाडा अंतिम असतो आणि कोर्ट फीही परत मिळते. 326 मात्र आपसात मिटवण्याजोगं कलम नाही. फिर्यादी माफ करायला तयार असला तरी आमचं कोर्ट खटला तडजोडीनं बंद करू शकत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयातच जावं लागतं. भांडण मुळात खाजगी असेल आणि मनापासून मिटलं असेल तर उच्च न्यायालय खटला रद्द करू शकतं, हे ग्यानसिंग खटल्यात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं; खून, बलात्कार, दरोड्यासारख्या गुन्ह्यांना ती मुभा नाही. पूर्वी या कामासाठी मुंबई गाठावी लागायची. रात्रीचा प्रवास, लॉजचं भाडं, तिथल्या वकिलाची फी, आणि बोर्डावर नंबर न लागल्यास पुन्हा तेच. या खर्चापायी कित्येक जण मिटलेला खटला तसाच चालू ठेवायचे आणि साक्षीदारांना फितूर व्हायला सांगायचे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात. पहाटेच्या गाडीनं निघून संध्याकाळी घरी येता येतं. यासाठी या भागातल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कामावर बहिष्कार टाकले, आणि मला वाटतं ते कष्ट सार्थकी लागले. या दोघांचा अर्ज तिथंच झाला.

तडजोडीचा मसुदा मी स्वतः लिहिला आणि दोन्ही नंबर त्यात घातले. एकच नंबर मिटवलेली तडजोड वर्षभरही टिकत नाही, दुसऱ्या नंबरची तारीख आली की जुनं सगळं वर येतं. दवाखान्याचं बिल माझ्या पक्षकारानं द्यायचं. दोघांनी मिळून मोजणीची फी भरायची, भूमी अभिलेखाची क प्रत तडजोडीला जोडायची, हद्दीवर दगड रोवायचे, बांध दोघांचा, तो कुणी कोरायचा नाही. सामाईक विहिरीच्या पाळ्या वारानुसार लिहिल्या. सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोटारीवर. वीजजोड वारलेल्या आजोबांच्या नावावर होता, बिल कुणीच भरत नव्हतं. शेवटी ठरलं की जोड दोघांच्या नावावर करून घ्यायचा, बिल निम्मं-निम्मं, आणि मोटार जळाली तर पाळी कुणाचीही असो, भरून आणायचा खर्च दोघांचा. एवढं कलम वाढवून घेतल्यावर दोघांनी सह्या केल्या.